मी धाकटीला आठवण येते

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

"आईच्या चुका आपल्या घरच्या आहेत, त्या घराबाहेर न्यायच्या नाहीत." हे तू मला शाळेच्या जिन्यात म्हणाली होतीस. आठवतं का? आई पालकसभेला आली होती आणि वर्गाच्या दारात उभी राहून बाईंना म्हणाली होती, "माझी मुलगा फार गुणाची आहे." सगळा वर्ग हसला. मीही हसले. तू मधल्या सुट्टीत मला जिन्यात गाठलंस, माझी वेणी धरलीस आणि हे वाक्य अशा आवाजात म्हणालीस की जणू ते मी फळ्यावरून उतरवून घ्यायचं होतं. बाबा आणि मी तुला उगाच 'हेडबाई' म्हणत नव्हतो.

आज ते एकाएकी आठवायचं कारण पुढे लिहिते. आधी खुशाली. भावजींचा गुडघा कसा आहे? सांगितलेले व्यायाम करतात, की नुसतेच गुडघ्याकडे रागानं बघत बसतात? इकडे आम्ही ठीक. लेक वसतिगृहात रुळली, म्हणजे तिचे फोन कमी झाले. घरात मी कपाट उघडलं तरी दचकते, इतकं शांत असतं.

नव्या नोकरीबद्दल तुला फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. पण तू "बरं, बरं" म्हणत होतीस आणि मागे वहीची पानं उलटल्याचा आवाज येत होता. तेव्हा आता नीट सांगते. तुला यात रस वाटेल, तुझ्याच धंद्यातलं आहे.

आमच्याकडे आपल्या भाषेचा एक मोठा साठा तयार होतो आहे, संगणकासाठी. शब्द, वाक्यं, लोकांची बोलणी. जे आपली भाषा नव्यानं शिकतात त्यांचं बोलणं टिपायचं, प्रत्येक वाक्यापुढे त्याची दुरुस्ती लिहायची, आणि ते वाक्य कितव्या पातळीचं ते ठरवायचं. पातळ्या सहा. पहिलीत नाव सांगता येतं, पाणी मागता येतं. सहावीत भांडता येतं, टोमणा मारता येतो, आणि दुसऱ्यानं मारलेला कळतो. संगणक हे सगळं गिळतो. मग उद्या परमुलखातून आलेलं कुणी त्याच्यापुढे मोडकंतोडकं बोललं, की त्या माणसाला काय म्हणायचं आहे ते त्यानं ओळखावं, अशी अपेक्षा. माझं काम साठा तपासायचं. पहिलीत ठेवलंय ते खरंच पहिलीचं आहे का, दुरुस्ती ही खरंच दुरुस्ती आहे का.

गंमत म्हणजे सोपं दिसतं तेच अवघड निघतं. कुणीतरी 'असू दे' पहिल्या पातळीत टाकलं होतं. शब्द दोन, दोन्ही साधे. मी आमच्या प्रमुखांकडे गेले. त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात तरी. मी म्हटलं, बाई, हे सहावीचं आहे. 'असू दे' म्हणजे माफ केलं, 'असू दे' म्हणजे नको, 'असू दे' म्हणजे आता एक शब्द बोलू नकोस. त्या म्हणाल्या, "सहावीत? अहो, माझ्या नवऱ्याला अजून कळलेलं नाही. सातवी पातळी काढा."

कचेरी बस आगाराच्या वर आहे. बस मागे घेताना वाजते ना ती शिटी, ती दिवसभर कानात असते. ती अडवायला जे हेडफोन दिलेत त्यांचा स्पंज झिजलाय. संध्याकाळी आरशात बघावं तर कानांना काळा चुरा. पण माणसं बरी आहेत. चहा वेळेवर येतो.

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात पहिल्या पातळीचा एक गठ्ठा माझ्याकडे आला. बोलणाऱ्यांची नावं नसतात, नुसते क्रमांक. वाचता वाचता एका वाक्याशी थांबले.

मी धाकटीला आठवण येते.

आधी मला हसूच आलं, ताई. मग ते पुन्हा वाचलं. जगात अशी चूक करणारं एकच माणूस होतं.

'मला तुझी आठवण येते' हे आईला मरेपर्यंत जमलं नाही. तिच्या माहेरच्या भाषेत आठवण 'येत' नाही, माणूस ती 'करतं'. म्हणून तिनं आपला हिशेब मांडला होता. आठवण काढते कोण? मी. मग 'मी'. कुणाला काढते? तुला. मग 'तुला'. सहलीहून आपण परत आलो की दारातच, हात पुसत: "मी तुम्हाला आठवण आली!" बाबा विचारायचे, "अगं, त्यांना तुझी आली की तुला त्यांची?" आणि ती चिडून, "तेच तर बोलते मी!" नंतर नंतर आपणही तसंच बोलायला लागलो. तू शिकायला बाहेर गेलीस तेव्हा शेजारच्यांच्या फोनवर मला म्हणायचीस, "आईला सांग, मी तिला आठवण येते." मी जसंच्या तसं सांगायची, आणि आई हातातलं काम टाकून खुर्चीत बसायची.

आणि आता दुरुस्ती काय लिहिली आहे बघ: *धाकटीला माझी आठवण येते.*

बरोबर उलट! व्याकरण चोख आणि अर्थ पार डोक्यावर. आई म्हणते, मला तिची येते. दुरुस्ती म्हणते, तिला माझी येते. करणाऱ्याचा दोष नाही म्हणा, बिचाऱ्याला काय माहीत. पण हे तसंच राहिलं तर चुकीचं शिकवलं जाईल. मला ते सुधारून घ्यायचं आहे, आणि त्यासाठी हे कुणी टिपलं ते कळायला हवं. आई तुझ्याकडे असताना तुझ्या भाषावर्गातलं कुणी घरी येऊन गेलं होतं का? मी त्या दिवसांत आले नव्हते, त्यामुळे मला ठाऊक असायचं कारण नाही. ते आता नको.

आवाज मी अजून ऐकलेला नाही. आवाज वेगळ्या खोलीत असतात, मागून घ्यावे लागतात. मी मागितलेला नाही. का, ते विचारू नकोस.

भावजींना नमस्कार. थंडी सुरू झाली असेल, सकाळच्या वर्गाला जाताना कान बांधत जा.

तुझी,
धाकटी

---

२१ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर पोचलं. इतकं छोटं पत्र मला आजवर फक्त वीज कंपनीनं पाठवलं आहे. "बोलणं मीच टिपलं. दुरुस्तीही माझीच. बरोबर आहे ती. ह्यांचा गुडघा बरा आहे."

गुडघ्याचं वाचून बरं वाटलं.

ते वाचल्यावर मी फोन केला ते चुकलंच. पत्राला पत्रानं उत्तर द्यायला हवं होतं, म्हणजे निदान मधे श्वास घेता येतो. पण त्या फोनवर जे बोललो ते नंतर "मी असं म्हणालेच नाही" व्हायला नको, म्हणून इथे लिहून ठेवते.

मी म्हटलं, "तू केलीस?"

"वर्गावरच्या सगळ्या शिक्षकांना सांगितलं होतं, बोलणी टिपा आणि दुरुस्त करून द्या. मला कुठे दारोदार फिरायला वेळ? घरात आयतं माणूस होतं."

"आयतं माणूस?"

"शब्दांत पकडू नकोस हं मला."

"ताई, अर्थ उलटा झालाय."

"झालेला नाही. तिला तेच म्हणायचं होतं, की धाकटीला माझी आठवण येत असेल. म्हातारी माणसं अशीच बोलतात. स्वतःची समजूत घालतात."

"आई असं कधीच बोलली नाही. आयुष्यात नाही. तुला माहीत आहे."

"तू होतीस का इथे?"

आणि तू फोन ठेवलास. आपटला नाहीस, हळूच ठेवलास. तुझं हळू ठेवणं लहानपणापासून मला आपटण्यापेक्षा जास्त घाबरवतं.

तेव्हापासून मी घरात, बसमध्ये, कचेरीच्या जिन्यात त्याच प्रश्नाला उत्तर देते आहे. तू होतीस का इथे. नव्हते. मागच्या पत्रात 'ते आता नको' असं लिहिलं होतं, पण तूच ते काढलंस, तर आता लिहिते.

मी नव्हते, कारण तू येऊ नकोस म्हणालीस.

माझी बॅग भरून दाराशी होती. तिकीट काढलेलं होतं. तुला नुसतं कळवायला फोन केला की उद्या पोचते, आईला सांग. तू म्हणालीस, "येऊ नकोस. ती आता कुणाला ओळखत नाही. तुझं नावसुद्धा काढत नाही. अनोळखी बाई घरात बघून घाबरेल, रात्रभर कण्हेल. मी बघते सगळं." मी म्हटलं, नुसती लांबून बघीन. तू म्हणालीस, "तुझ्या समाधानासाठी तिला त्रास द्यायचा का?" बॅग रिकामी केली. पुढच्या आठवड्यात विचारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात विचारलं. दर वेळी, "आत्ता नको गं." तिच्याशी फोनवर तरी बोलू दे म्हटलं, तर, "आवाजानं बावचळते ती."

मी विश्वास ठेवला. तुझ्यावर विश्वास ठेवणं ही माझी सवय होती, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी तू म्हणायचीस, "आता ओलांड," आणि मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना न बघता ओलांडायची.

मी पोचले तेव्हा तिच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवलेला होता. खिडक्या उघड्या होत्या. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, आणि मी तुझी पाठ थोपटत होते. तुझं किती झालं, तू किती केलंस, असं म्हणत होते. मनापासून म्हणत होते.

म्हणून आता नीट विचारते, आणि तू हेडबाई आहेस तर प्रश्नाला प्रश्नानं उत्तर देऊ नकोस. आई कुणाला ओळखत नव्हती, तर या वाक्यातली 'धाकटी' कोण? माझं नाव काढत नव्हती, तर हे वाक्य कुठून आलं? आणि तुला अर्थ कळला नाही असं तू मला सांगूच नकोस. वसतिगृहातून ते वाक्य फोनवर म्हणणारी तूच होतीस.

आवाज मी काल मागितला आहे. मिळायला थोडे दिवस जातील. मला तो ऐकायचा नाहीये, ताई. त्याआधी तू सांगितलंस तर मी ऐकणार नाही. काय असेल ते तुझ्या तोंडून कळू दे.

वाट बघते.

धाकटी

---

१२ डिसेंबर

ताईस,

तू उत्तर दिलं नाहीस. आवाज मिळाला.

ऐकायची खोली कचेरीच्या टोकाला आहे. भिंतींना राखाडी स्पंज लावलाय, अंड्यांच्या ट्रेसारखा खड्ड्याखड्ड्यांचा. आत बसलं की बसची शिटी बंद होते, स्वतःचं गिळणंही ऐकू येतं. एक स्टूल, एक टेबल. दुपारची वेळ होती, बाकीचे जेवायला गेले होते. मी दार लावून घेतलं. मग बटण दाबलं.

आधी मटार सोलल्याचा आवाज. शेंग तडकते, दाणे भांड्यात पडतात. सुरुवातीचे दाणे पत्र्यावर टणटणतात, मग भांडं भरत जातं तसा आवाज मऊ होतो. मी एवढ्यावरच रडले असते, पण लगेच आई बोलली. "थोरले, नळ नीट बंद कर. टपटपतो तो." तू उठलीस, खुर्ची सरकली, नळ बंद झाला.

कुणालाही ओळखत नव्हती ती बाई, ताई. पलीकडच्या खोलीतला नळ ओळखत होती.

मग तू तुझ्या वर्गातल्या आवाजात विचारलंस, "या चित्रात काय दिसतं?"

"बाई. खिडकी. बाई रस्ता बघते."

"का बघते?"

"कोणतरी येणार."

"कोण येणार?"

"मी धाकटीला आठवण येते."

"आई, चित्राबद्दल बोलायचंय."

"चित्रच बोलते मी! ही बाई मीच. फक्त हिचं नाक बरं आहे."

तू हसलीस. मीही हसले, त्या स्पंजाच्या खोलीत, एकटी. आपण तिघी एकत्र हसलो असं क्षणभर वाटलं. तेवढ्यात आई म्हणाली, "फोन कर ना तिला."

"केला होता."

"काय बोलली?"

इथे शेंगा थांबतात. मी परत परत ऐकलं, तिथे काही नाही, नुसती घराची शांतता. मग तू म्हणतेस, "जमणार नाही म्हणाली. काम आहे तिला."

आणि आई म्हणते, "असू दे."

मी कधी म्हणाले गं? मी कधी म्हणाले, जमणार नाही?

मला तू सांगत होतीस की ती माझं नाव काढत नाही, आणि तिला सांगत होतीस की मला सवड नाही. दोन्हीकडची दारं तूच लावलीस, आणि मधे उभी राहून दोघींना म्हणत राहिलीस की पलीकडे कुणी नाही. मी तिच्यासाठी बॅग भरत होते तेव्हा ती मला माफ करत होती, मी न केलेल्या गोष्टीसाठी. ते 'असू दे' कितव्या पातळीचं होतं, तू भाषा शिकवतेस, तूच सांग. मला ठरवता आलं नाही.

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी आजवर फक्त वाचलं होतं. खरंच फार बारीक असतं ते. कापताना कळतसुद्धा नाही.

मी उठून जाणार होते. पण ध्वनिमुद्रण संपलं नव्हतं, म्हणून बसले. चित्रं संपली, तू प्रश्न विचारायची थांबलीस. दोघी मटार सोलताहात. तू खोकलीस. मग वर्गातला आवाज टाकून, आपल्या घरातल्या आवाजात, तू विचारलंस, "आणि माझी? माझी येते का गं आठवण?"

आई हसली. "तू आहे की! आहे त्याला मी आठवण कशी येते?"

त्यावर शेंगा भराभर तडकायला लागल्या. मग टिक्, आणि संपलं.

हे वाक्य तू साठ्यात लिहून दिलेलं नाहीस. आधीची सगळी दिलीस, हे गाळलंस. याची दुरुस्ती तुला करता आली नसेल.

मी दगड नाहीये, ताई. त्या आवाजात तू किती दमलेली आहेस ते ऐकू येतं. तू तिला उठवत होतीस, बसवत होतीस, न्हाऊ घालत होतीस, वर्ग घेत होतीस, आणि ती दिवसभर खिडकीकडे बघून जी तिथे नाही तिचंच बोलत होती. तुला काय होत असेल ते मला कळतं. एखाद्या वेळी मीही चिडले असते, तिला तोडून बोलले असते, रागानं ताट आपटलं असतं. हे मी केलं नसतं. जिची आठवण येते तिला येऊच द्यायचं नाही, म्हणजे निदान ती न येण्याचं दुःख तरी तुझ्या ताब्यात राहील, असं काही तुझ्या मनात होतं का? मला माहीत नाही. मी वेड्यासारखी तुझ्या बाजूनं कारणं शोधत बसते, सवयीनं. आणि मग तुझी दुरुस्ती आठवते.

कारण खोटं एकवेळ घाईत बोललं जातं. दुरुस्ती तशी होत नाही. तू टेबलाशी बसलीस, वाक्य पुन्हा ऐकलंस, विचार केलास, आणि शांतपणे त्याची दिशा फिरवलीस. तिच्या बाजूची आठवण पुसून माझ्या बाजूला टाकलीस. म्हणजे पुढेमागे कुणी ऐकलंच, तर असं दिसावं की आई माझ्यासाठी झुरत नव्हती. मग ते वाक्य स्वतःच्या आवाजात वाचून दिलंस. आमच्याकडे दुरुस्ती करणाऱ्यानं ती वाचून द्यायची असते, शिकणाऱ्यांना ऐकता यावी म्हणून. तेही ऐकलं मी. "धाकटीला. माझी. आठवण. येते." प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ, कुठे अडखळणं नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं. सगळं नाही, वाक्याचं तेवढं. त्यांनी विचारलं, "दुरुस्ती चूक आहे कशावरून? व्याकरण तर ठीक आहे."

"व्याकरण ठीक आहे, बाई. अर्थ उलटा आहे. ही बाई असंच बोलायची."

"ती असं बोलायची हे माहीत असलेली माणसं किती?"

"दोन."

"एक तुम्ही. दुसरी कोण?"

"जिनं दुरुस्ती केली ती."

त्यांनी आपला चहा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "मग हे एकास एक झालं. आणि तुम्ही घरच्या. घरच्याचं घरच्यानं तपासायचं नाही, हा नियम तुमच्या भल्याचाच आहे. दुरुस्ती बदलायची असेल तर ज्यांची आहे त्यांनीच बदलायची. इथे येऊन, नव्यानं वाचून द्यायची. गठ्ठा महिनाअखेरीला बंद होतो. त्यानंतर माझ्याही हातात काही नाही."

तर बाबाही गेले, आईची ती भाषा आता जगात आपल्या दोघींनाच येते, आणि त्यातली एक जण म्हणते की तिचा अर्थ वेगळा आहे. माझा शब्द तुझ्या शब्दाला कापतो, आणि शिल्लक राहते ती तुझी दुरुस्ती. ती त्या साठ्यात जाईल. उद्या कुठल्याशा परक्या गावात आईसारखीच एखादी बाई, आपली भाषा अर्धीमुर्धी आलेली, संगणकापुढे बसून सांगेल की मी माझ्या मुलीला आठवण येते. आणि तो तिला सांगेल, हो, तुमच्या मुलीला तुमची आठवण येते. तिला बरं वाटेल. ती पुढे काही बोलणार नाही. तिच्या मुलीला कुणी काही कळवणार नाही.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. भांडून आई खिडकीतून उठणार नाही. नातेवाइकांत सांगायचं नाही, भावजींना कळवायचं नाही. तू रडून माफी मागावीस असंही नको आहे. तू रडलीस की मी पाठ थोपटायला लागेन, आणि मला ते आता करायचं नाही.

एकच मागते. तू इथे ये. मी स्टेशनवर घ्यायला येणार नाही, घरी उतर असंही म्हणणार नाही, तुला अवघड वाटेल असं काही करणार नाही. कचेरीच्या टोकाची खोली आहे, दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. आत बस आणि दुरुस्ती वाच:

मला धाकटीची आठवण येते.

चार शब्द आहेत. पहिल्या पातळीचं वाक्य आहे, तुझ्या वर्गातली नवी माणसं पहिल्या महिन्यात म्हणतात. वाक्यातलं 'मला' म्हणजे कोण, ते नोंदीत लिहावं लागत नाही. कुणी विचारणारही नाही. मी खोलीत नसेन, मला तिथे थांबायची परवानगी नाही. बाहेर बाकावर बसेन.

तू नाही म्हणशील. परीक्षा जवळ आल्या म्हणशील, ह्यांना सोडून कशी येऊ म्हणशील, किंवा काहीच म्हणणार नाहीस आणि हे पत्र इतर कागदांखाली ठेवून देशील. बहुधा तेच. मला तुझं उत्तर माहीत आहे, ताई, तरी विचारते आहे.

येशील का?

धाकटी